डाव्या अंगचा दिवा

दिवा फुटलेला मले दिसला तवा चावी माह्या मुठीत होती आन तोंडातून 'ठीक आहे' निंगून गेलं होतं. तिथंच सारं बिघडलं. दुसरा कोणी असता त पहिले गाडीभोवती चक्कर मारली असती, मंग चावी घेतली असती. पण मी शेषराव, उभी जिंदगी प्लांटात क्रेन चालवली, आन आमच्यात चार्ज घ्याची एक रीत आहे. आदल्या शिफ्टचा माणूस उतरते, तुमी चढता. ब्रेक दाबून पाहता, घंटी वाजवून पाहता, मंग म्हणता 'ठीक'. एकदा म्हटलं का त्याच्यानंतर जे तुटन, जे पडन, ते तुमचं. आधीच्याचं नाव घ्याचं नाही. घेतलं त शॉपमंदले सारे कामगार तोंडावर थुंकतात. खाली माणसं फिरून राह्यतात, त्याईच्या डोक्यावरून तुमी वितळलेल्या पोलादाची बादली नेता, तिथं 'मी नाही, तो' असं चालत नाही बाप्पा. माणूस रिटायर होते, जीभ होत नाही. सर्व्हिस सेंटरच्या त्या थंड्यागार काचेच्या हॉलमंदी पियूष नावाच्या पोट्ट्यानं चावी पुढं केली, "अंकल, चकाचक करके दिए हैं," म्हणे, आन जिभेनं आपलं काम करून टाकलं.

बाहेर आलो त गाडी वली होती, साबणाचा वास येऊन राहिला होता. पांढरी गाडी, लहानशी, पण मी तिले पोरीवानी ठेवली. तिचा डाव्या अंगचा दिवा फुटला होता. काच नाही, आतली चांदी दिसून राहिली होती, आन खालचा बंपर आत चेपला होता, दात पडलेल्या बुढ्याच्या गालावानी. पियूषले बोलावलं. त्यानं वाकून पाह्यलं, जसा काही पहिल्यांदाच पाहते. "ये तो था अंकल," म्हणे. "सुबह आप लाए तब से था." म्या म्हटलं, बाबू, था कसा? फोटो काढता ना तुमी गाडी घेताना? "सुबह लाइन लगी थी अंकल, गार्ड ने गेट पे ही चाबी ले ली. आपको याद नहीं क्या?" असं म्हणून तो हासला. वाईट नाही हासला, बुढ्या माणसासंगं हासतात तसा. मी तोंड उघडलं, सकाळची गोठ सांगाले. आन सांगाले काहीच नव्हतं.

नाही, होतं ना. रत्नमालानं, माह्या बायकोनं, डब्यात पोळी देली होती. कॅम्प-एक वस्तीतल्या आमच्या गल्लीत एक पोट्टी पाण्याचा पाइप धरून उभी होती, तिले म्हटलं बाजूले हो. बाबासायबाच्या पुतळ्याले गाडीतूनच हात जोडले. आन त्याच्यानंतर सर्व्हिस सेंटरचं गेट, गार्डचा हात, चावी. मधात काय? मधात अख्खा कुरुदचा रस्ता आहे. शाळेची पोरं आहेत, बकऱ्या आहेत, सायकली आहेत, रेतीचे ट्रक आहेत. मी त्या रस्त्यानं गेलो, कारण दुसरा रस्ताच नाही. पण तो माह्याजवळ नव्हता. अंधूक म्हणसान त अंधूकही नाही.  पियूष माह्याकडं पाहून राहिला होता. म्हटलं, "हाव... असन बाबू." आन गाडीत बसलो. त्याले वाटलं असन बुढा समजदार आहे. बुढा पळून राहिला होता.

घरी येताना मी डावीकडं पाह्यलं नाही. लहान पोट्टं जसं अंधारातल्या खोलीकडं पाहात नाही तसं. पायाचा अंगठा ब्रेकवर असा रुतला का पिंडरीत गोळा आला. मले माहा बाप आठवून राहिला होता. नको म्हटलं तरी. बाप भंडाऱ्याकडून आला, प्लांट उभं राहून राहिलं होतं तवा, डोक्यावर गिट्टी वाहिली, मंग पक्का झाला, मंग रिटायर झाला, आन लय वर्षं चांगला होता. पहिली गोठ काय झाली त तो गुडघा फोडून घरी आला. "कुठं पडले बाबा?" म्हटलं, त गुडघ्याकडं असा पाहे का जसा तो दुसऱ्याचा गुडघा आहे. आमी हासलो. माय म्हणे, पेला असन. मंग एक दिवस तो शिफ्टच्या बसमंदी बसून निंगून गेला, डबा घेऊन, बी शिफ्टले चाललो म्हणे. रिटायर होऊन किती दिवस झाले होते! बसवाल्यानं ओळखलं, परत आणून सोडलं. बाप दारात उभा राहून रागावला त्याच्यावर, हजेरी बुडवली म्हणून. सारे हासले, मीही हासलो. पण त्याच्या डोळ्यात काय होतं ते मले तवा दिसलं नव्हतं. आता दिसलं. गाडीच्या आरशात, माह्याच डोळ्यात. तो भेलेला होता. त्याले समजत होतं का काहीतरी आपल्या हातातून कोणी काढून घेऊन राहिलं, आन कोण ते दिसत नाही.

आंगणात गाडी लावली, रत्नमाला झाडू घेऊन उभी होती. "अजी, हे काय?" म्हणे. म्या म्हटलं, दिवा फुटला. "दिवा फुटला त फुटला," म्हणे, "माणूस त नाही ना फुटलं?" आन आपल्याच बोलण्यावर हासली, झाडाले लागली. तिचं तसंच आहे, बोलते आन विसरते. पण माह्या छातीत ते खिळ्यावानी गेलं. माणूस फुटलं असन, हे माह्या मनात सर्व्हिस सेंटरपासूनच होतं. फक्त त्याले शब्द नव्हते. बायकोनं शब्द देले. मी दिव्यापाशी उकिडवा बसलो. बंपरच्या चिरेत एक चिंधी अटकली होती. लाल-पांढरी, गमछाची. बोटानं ओढली त निंगे ना, मंग निंगली. लहानशी, नखाएवढी. लाल रंग, रंगच होता तो, मी वास घेऊन पाह्यला. चिंधी खिशात टाकली. मंग वाटलं खिशात कावून टाकली? चोर टाकते खिशात. काढली, पुन्हा टाकली.

लोक म्हणतात, भेव म्हणजे काळीज धडधड करते. क्रेनवर मले तसं भेव लागे. एकदा ब्रेक घसरला आन भरलेली बादली झुलाले लागली, तवा काळीज कानात वाजलं होतं. पण ते भेव चांगलं होतं, भाऊ. त्याले खाली एक जागा होती, हे इथं पडन, हा इथं मरन. हात-पाय काम करतात तशा भेवात. हे नवीन भेव तसं नव्हतं. मी कोणाले ठोकलं असन का? त ठोकलं असन त मले माहीत नाही. नाही ठोकलं असन त तेही मले माहीत नाही. कोणाले विचारू? जो माणूस तिथं होता तो मीच होतो, आन तोच सांगून नाही राहिला. रात्र अशीच गेली, कूस बदलत. कोणी माणूस, लाल-पांढऱ्या गमछाचा, सायकलवर जाऊन राहिला, आन मी त्याच्या मागून येऊन राहिलो, खिडकी उघडी, पोळीचा डबा बाजूले. इतकंच दिसे. पुढचं मी बनवून राहिलो का आठवून राहिलो, हेही कळे ना.

सकाळी पोरगी आली. संघमित्रा, दुर्गले मोहन नगरमंदी सासर तिचं. मायनं फोन केला असन. स्कूटी लावली न लावली का सुरू. "बाबा, तुमी कावून गप राहिले? ये लोग ना, बुजुर्ग आदमी देखते हैं और चिपका देते हैं! गाडी त्याईच्या ताब्यात होती का नाही दिवसभर? त्याईनंच ठोकली. चला, मी येतो संगं." म्या म्हटलं, जाऊ दे ना माय, एक दिवा त आहे. "एक दिवा? बाबा, तुमी? तुमी त शेजाऱ्याच्या पोट्ट्यानं गाडीवर बोट फिरवलं तरी त्याच्या घरापर्यंत जाता!" रत्नमाला म्हणे, "कालपासून असेच आहे. जेवले बी नाही धड." दोघी माह्याकडं पाहाले लागल्या. मले वाटलं, आता नाही म्हटलं त विचारतीन कावून नाही. म्हणून हाव म्हटलं. माणूस कितीदा हिमतीनं नाही, भेवानंच हाव म्हणते.

गाडी मीच चालवली. तिनं म्हटलं मी चालवतो, पण म्या देली नाही. कॅम्पातून निंगालो, पुतळा आला, हात जोडले. त्याच्या पुढचा रस्ता आला. मी असा चालवून राहिलो होतो जसं पाण्यात पाय टाकून खोली पाहतात. हे घर, हे म्हशीचं टप्पर, ही हिरवी टाकी. सारं ओळखीचं, पण कालचं का मागच्या महिन्याचं? रस्त्याच्या डाव्या बाजूले मी असा पाहो जसं तिथं कोणी झोपून राहिलं आहे. संघमित्रा बोलून राहिली होती, मॅनेजरले काय काय म्हणाचं ते, कंज्यूमर कोर्टाचं. मले तिचा आवाज खोल विहिरीतून आल्यावानी येत होता. कुरुदच्या वळणावर एक चहाची टपरी आहे, बांबूची, निळी ताडपत्री. तिथून एक माणूस एकदम रस्त्यावर आला, एक हात पांढऱ्या पट्टीत गळ्याले बांधलेला, दुसरा हात वर. "ए! रोको! एही गाड़ी आय!" पाठोपाठ दोन-चार जण बाकावरून उठले. त्या माणसाच्या खांद्यावर गमछा होता. लाल-पांढरा, एका कोपऱ्यातून फाटलेला.

मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण माह्या आत काहीतरी थांबलं नाही, ते पुढंच जात राहिलं. तो माणूस बोनेटवर हात ठेवून उभा राहिला. म्या मनात म्हटलं, संपलं. खरं सांगतो, त्या घडीले मले बरं वाटलं. कमीत कमी जिवंत आहे. उतरलो, हात जोडले, तोंडातून निंगून राहिलं होतं का भाऊ माफ कर, माही चूक, तेवढ्यात तो मागच्या सीटमंदी डोकावला आन म्हणे, "तोर ड्राइवर कहाँ हे कका?"

"कोणता ड्रायव्हर?"

"अरे, ओ टूरा! करिया कमीज, छाती म कंपनी के नाव लिखाय रिहिस. काली मंझनिया ठोकिस मोला, अउ भाग गे!"

"मंझनिया?" म्या म्हटलं. "काल दुपारी? सकाळी नाही?"

"नई गा, मंझनिया. भात खाके बइठे रेहेंव."

मी हासलो. ऐकता ना? एका माणसाचा हात मोडला, तो माह्यापुढं उभा, आन मी हासलो, मोठ्यानं, डोळ्यात पाणी येईस्तोवर. संघमित्रा टाळी वाजवून म्हणे, "देखा बाबा! म्हटलं नव्हतं मी?" तिनं त्याचं नाव विचारलं, राजकुमार म्हणे, टपरी त्याचीच. लोक शांत झाले. मले असं वाटे का कोणी छातीवरून लोखंडाची प्लेट उचलून राहिलं. श्वास जाऊन राहिला होता खालपर्यंत. मी ठोकलं नव्हतं, सर्व्हिस सेंटरच्या काळ्या कमीजवाल्या पोट्ट्यानं ठोकलं होतं. मी चांगला होतो. सकाळचा रस्ता याद नाही त नाही, एखाद्या दिवशी नाही राहत याद, रोजचाच त रस्ता. बाप बाप होता, मी मी आहो.

संघमित्रानं त्याले विचारलं, पोलिसवाला विचारते तसं, "भैया, आपको पक्का मालूम है सुबह गाडी ठीक थी?"

"अरे नोनी," राजकुमार म्हणे, "मोर आगू म तो खड़े रिहिस. कका बिहनिया आए रिहिस ना. भुला गेस का कका? इही मेर गाड़ी खड़े करेस, चाय पिएस. अपन गमछा म दुनो लाइट ला पोंछेस. कतका बेर ले बइठे रेहेस. तहाँ ले मोला पूछेस, सर्विस सेंटर कते डहर हे. मैं बताएँव. थोरिक बेर म फेर पूछेस."

त्याच्या आवाजात काही वाईट नव्हतं. खुशीनं सांगून राहिला होता, गवाही देऊन राहिला होता बिचारा. मी त्याच्या तोंडाकडं पाह्यलं. दाढीचे पांढरे खुंट, कानात बाळी, वरचा एक दात काळा. असं तोंड माणूस विसरत नाही. मी ते पहिल्यांदा पाहून राहिलो होतो. काल सकाळी इथं बसलो मी, या बाकावर, चहा पिलो. दोन्ही दिवे पुसले. आन ज्या सर्व्हिस सेंटरले मी गाडी घेतल्यापासून जाऊन राहिलो, त्याचा रस्ता विचारला. दोनदा. जो माणूस इथं बसला होता त्यानं माहे कपडे घातले होते, माही चावी त्याच्या हातात होती, आन तो मले काही न सांगता निंगून गेला होता. संघमित्राचे टाळी वाजवलेले हात तसेच जुळून राहिले होते. तिनं माह्याकडं पाह्यलं नाही. गाडीच्या दिव्याकडं पाहात राहिली. मंग म्हणे, "चलो भैया, बैठो. आप भी चलो." आन माह्याकडं न पाहता, "बाबा, मी चालवतो." या वेळी म्या देली.

सर्व्हिस सेंटरमंदी मॅनेजर, पियूष आन आमी तिघं. ए. सी. असा का राजकुमार एका हातानं गमछा आंगावर ओढून बसला. संघमित्रा बोलली, चांगलं बोलली, मले अभिमान वाटावा अशी. पियूष म्हणे, "मैडम, ये चायवाला तो कुछ भी बोल देगा. इसको पैसा चाहिए." राजकुमार खाली पाहाले लागला. मंग पियूष माह्याकडं वळला. "अंकल, आप सच्चे आदमी हो. कल आपने ही बोला, होगा. आप खुद बताओ, आप सुबह इसके ठेले पे रुके थे? गाड़ी पोंछी थी? आपको याद है?"

साऱ्या खोलीनं माह्याकडं तोंड केलं. याद नाही म्हणू त राजकुमारचा हात तसाच राहन, त्याले इथून काढून देतीन, दिव्याचं काय घेऊन बसला. आन याद नाही हे पोरीपुढं म्हणू? एकदा ते तोंडातून बाहेर पडलं का ते घरात राहाले येईन. जेवायले बसन आमच्यासंगं. कॅबिनमंदी कुठं घड्याळ वाजून राहिलं होतं. म्या म्हटलं, "हाव. याद है. रुका था मैं." आवाज माहा नव्हता, पण चांगला निंगाला, कडक. "इसके यहाँ चाय पिया. दूधवाली, कड़क, मलई डालके. बाकड़े पे बैठा. दोनों लाइट पोंछा. दोनों सलामत थे."

राजकुमारनं मान वर केली. एक पळ त्यानं माह्याकडं पाह्यलं, डोळे बारीक करून. मंग मॅनेजरकडं वळून म्हणे, "हव साहब. पिए रिहिस."

त्याच्यानंतर लवकर झालं सारं. मॅनेजरनं त्या दिवशी गाडी फिरवाले नेणाऱ्या ड्रायव्हरले बोलावलं. काळ्या कमीजमंदी होता तो, आला, राजकुमारले पाह्यलं आन जमिनीकडं पाहाले लागला. बस. दिवा नवीन, बंपर नवीन, राजकुमारच्या हाताचा दवाखाना सारा त्याईचा. संघमित्रानं ते त्याईच्या कागदावर, सही-शिक्क्यासकट लिहून घेतलं. पियूष म्हणे, "सॉरी अंकल." म्या त्याच्या पाठीवर हात ठेवला. पोट्टंच आहे. नोकरीच्या भेवानं खोटं बोलला. मीही बोललो, माहं भेव त नोकरीचंही नव्हतं.

राजकुमारले सोडाले टपरीवर आलो. तो म्हणे, अइसे कइसे जाहू, चाय पी के जाव. एका हातानं स्टो पेटवला, भगुनं ठेवलं. आमी बाकावर बसलो, मी आन संघमित्रा. रस्त्यावरून रेतीचा ट्रक गेला, धूळ उडाली, बसली. त्यानं काचेच्या गिलासात चहा ओतला, लाल, आरपार दिसे असा, वरून लिंबू पिळलं. संघमित्रानं पाह्यलं, सहज विचारलं, "दूध नहीं डालते भैया?"

"दूध? मोर इहाँ दूध कभू नई राहय नोनी," तो म्हणे. मंग त्याचा हात थांबला. त्यानं माह्याकडं पाह्यलं, आन लगेच खाली वाकून स्टोची वात सारखी कराले लागला. ती सारखीच होती.

 संघमित्रानं माहा गिलास उचलला, ओठापाशी नेला, फुंकर मारली. पुन्हा मारली. असं तोंड करून मारली जसं तिच्या लहान पोट्ट्याच्या दुधावर मारते. बोट बुडवून पाह्यलं का काय ते मी पाह्यलं नाही. मंग तिनं गिलास माह्या हातात देला, आन माहा हात बरोबर धरते का नाही ते पाहात आपला हात खाली तसाच ठेवला. मी पिलो. आंबट-तुरट, थोडंसं काळं मीठ. जिभेवर घोळवलं, गिळलं, पुन्हा एक घोट घेतला, थांबलो, वाट पाह्यली.

चव नवीनच होती.